दूरदृष्टी

'दूरदृष्टी' या शब्दाचा अर्थ वर्गात सांगताना आम्ही दोघे राधानगरी धरणाचे उदाहरण देत आलो. शाहू महाराजांनी ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात योजिले. १९२२ साली महाराज गेले, आणि धरण पूर्ण झाले ते स्वातंत्र्यानंतर.

कोल्हापूर महानगरपालिका १९७२ साली झाली. पुढच्या साडेचार दशकांत वस्ती चहूकडे पसरली, शहराची हद्द मात्र वाढली नाही. गावांना धास्ती शेतजमिनीची आणि घरफाळ्याची, शहराला चिंता वाढत्या भाराची, दोन्ही खऱ्याच. अखेर हद्दवाढीऐवजी २०१७ मध्ये ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आले. या वादात पंचगंगेचे म्हणणे मात्र फारसे कोणी ऐकले नाही. तिने ते २००५ साली सांगितले होते. २०१९ आणि २०२१ मध्ये पुन्हा सांगितले.

शहराचा विकास आराखडा साधारण वीस वर्षांचा असतो. आमचे गृहकर्जही तेवढ्याच मुदतीचे. घर घेताना आम्ही हप्ते मांडले, कॉलेजचे अंतर मोजले. २००५ चे पाणी तिथे कुठवर चढले होते, हे शेजारच्या आजोबांना विचारले नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खालच्या कपाटातली पुस्तके भिजली. ती गच्चीवर वाळत घालताना आजोबांनी भिंतीवरची जुनी खूण दाखवली. आम्ही ती रोज पाहत होतो आणि रंगाचा डाग समजत होतो.

धरणाचे उदाहरण आम्ही आजही देतो. त्यानंतर या खुणेचेही सांगतो.