ब्रेकची तार

आपल्या घरात वॉशिंग मशीन येतं तेव्हा पाण्याचा प्रश्न बरोबर घेऊन येतं. फ्रिज आला तेव्हा शिळ्या अन्नावरून वाद झाला होता. मशीनचा वाद थेट गाळण्याच्या फडक्याशी होता. नळाची नळी मागून जोडली की आत किती पाणी आलं, ते गाळलेलं की बिनगाळलेलं, हे कोण बघणार? आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, या एका प्रश्नावर कित्येक वर्षं अडून बसल्या होत्या. शेवटी तोडगा निघाला तो सेमी-ऑटोमॅटिकचा.

ज्यांच्याकडे हे मशीन आहे त्यांना सांगायला नको, पण नव्या मुलींसाठी सांगते. यात दोन टब असतात. डावीकडे धुण्याचा, उजवीकडे पिळण्याचा. पाणी आपण हाताने सोडायचं, हाताने काढायचं. त्यामुळे दुपदरी फडक्यातून गाळलेलं पाणी बादलीने ओतता येतं. गाळलेल्या पाण्याची मर्यादा ४८ मिनिटांची. धुण्याचा टायमर फार तर १५ मिनिटांचा, पिळण्याचा ५ मिनिटांचा. आत्यांनी पहिल्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळाखाली स्टूल टाकून सगळं मोजून घेतलं. धुणं, खळबळणं, पिळणं, एक घाणा ४८ मिनिटांच्या आत बसला. तेव्हा कुठे मान हलली. तरी पूजेचे आणि चौक्याचे कपडे मशीनला लागायचे नाहीत, ते त्या स्वतःच्या हातानेच धुणार, हे ठरलेलंच होतं. चादरी, पँटी, टॉवेल मशीनचे, सोवळं आत्यांचं. अशी वाटणी झाली आणि ती बारा वर्षं चालली.

मशीन बंद पडलं ते दशलक्षण पर्व आठवड्यावर आलेलं असताना. बेळगावचा पाऊस ठाऊक आहेच. इथे त्या दिवसांत कपडे वाळत नाहीत, फक्त जुने होतात. त्यात चातुर्मासासाठी आर्यिका माताजींचा संघ गावात होता आणि आमच्याकडे चौका लागत होता. धुण्याचा टब नीट फिरत होता. पिळण्याचा टब मात्र बटण फिरवलं की नुसता हुंकार द्यायचा, जागचा हलायचा नाही. थोड्या वेळाने जळकट वास.

कंपनीचा माणूस आला. त्याने टायमर फिरवला, हुंकार ऐकला आणि पाच मिनिटांत निकाल दिला, ‘मोटार गेली. यात आता पैसे घालू नका. एक्स्चेंजला द्या आणि फ्रंट लोड घ्या.’ मागचं पत्र्याचं झाकण त्याने उघडलंही नाही. भेटीचे पैसे घेतले, नव्या मशीनचं माहितीपत्रक ठेवलं आणि गेला.

मुलीचं फोनवर म्हणणं पडलं की घ्याच. तिचा मुद्दा चुकीचा नव्हता. फ्रंट लोडला पाणी कमी लागतं, आणि जेवढं पाणी कमी तेवढी जीवहिंसा कमी. पण त्यात पाणी नळीने आपोआप येतं आणि नेहमीच्या एका फेरीचं गणित बहुधा ४८ मिनिटांत बसत नाही. म्हणजे आत्यांचा जुना प्रश्न पुन्हा दारात.

आत्यांनी मात्र कुणालाच प्रश्न पडू दिला नाही. ‘ऱ्हाऊ दे गं. मी पिळतो की. मशीन यायच्या आधी काय आम्ही नागडे फिरत होतो व्हय?’ असं म्हणून पहाटे मी उठायच्या आत त्यांनी चादरी पिळून टाकायला सुरुवात केली. वय अठ्ठ्याहत्तर, मनगटात संधिवात. मी बादली काढून घेतली की त्या दुसरी भरायच्या. चौथ्या दिवशी आहाराच्या वेळी माताजींच्या अंजुलीत दूध देताना त्यांच्या हातातली कळशी थरथरली. थेंब सांडला नाही, पण त्यांनी कळशी जाऊबाईंच्या हातात दिली आणि मागे सरकून उभ्या राहिल्या. दिवसभर त्यावर एक शब्द नाही. ज्या हातांनी आयुष्यभर आहार दिला, ते हात चादरी पिळण्यात खर्ची पडले होते. मशीन दुरुस्त व्हायलाच हवं होतं, आणि तेही हेच मशीन.

त्या दुपारी मी मशीनसमोर बसले. मी काही मेकॅनिक नाही. पण घरात तापलेल्या लेकराकडे आपण कसं बघतो? कुठे दुखतं, कधीपासून, काय केलं की वाढतं. तसंच इथे.

पहिली गोष्ट, हुंकार येतो म्हणजे वीज मोटारीपर्यंत पोचते. टायमर, वायर, प्लग ठीक. मोटार पूर्ण जळलेली असती तर बहुधा आवाजच आला नसता, नाहीतर फ्यूज गेला असता. मग मोटार फिरायला बघते आहे आणि फिरत नाही, याची कारणं मोजकीच. एक तर तिला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर अशक्त झाला आहे, नाहीतर तिला कुणीतरी धरून ठेवलं आहे. धरणारेही बहुधा दोनच. टब आणि बाहेरची भिंत यांच्या फटीतून खाली गेलेला हातरुमाल किंवा पायमोजा, नाहीतर ब्रेक.

हो, यात ब्रेक असतो. पिळताना झाकण उघडलं की टब पटकन थांबतो ना, तो त्यामुळे. झाकण लावलं की एक तार ओढली जाते आणि ब्रेक सुटतो. झाकण उघडलं की तार सैल होते आणि ब्रेक बसतो. ही तार बारा पावसाळे आत गंजत असते, कुणी तिच्याकडे बघत नाही.

यातलं नेमकं काय, हे ओळखायची युक्ती सोपी आहे. प्लग काढायचा. बटण बंद करून भागत नाही, प्लगच भिंतीतून बाहेर. मग मागचं झाकण काढायचं, पिळण्याच्या बाजूचं वरचं झाकण कुणाला तरी दाबून धरायला सांगायचं आणि खालचं चाक हाताने फिरवून बघायचं. सहज फिरलं तर कपॅसिटरवर संशय. घट्ट असेल तर बहुधा ब्रेक किंवा अडकलेलं कापड. कपॅसिटरला मात्र आपण हात लावायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते आणि चांगला झटका बसतो. ते काम वायरमनचं.

स्क्रू ड्रायव्हर आणायला गेले तर आत्या दारात. हातात मोरपिसांचा जुना झुपका, देवघरातला कोनाडा झाडायचा. ‘आत काय काय बसलंय बघितलंस काय आधी?’

खरंच होतं ते. बारा वर्षं भिंतीला पाठ लावून उभं असलेलं, उबदार, दमट आणि अंधारं. मशीनखालून वाट मोकळी. आम्ही आधी पत्र्यावर हलके टकटक केलं आणि थांबलो. एक पाल निघून भिंतीवर गेली. मग एकेक स्क्रू काढून पत्रा हळूच बाजूला घेतला. आत मुंग्यांची रांग होती, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं, दोन झुरळं. आत्यांनी टॉर्च धरला आणि पिसांनी एकेकाला वाट करून दिली. अर्धा तास गेला त्यात. कंपनीच्या माणसाने उघडलं असतं तर आधी फवारा मारला असता, असं त्या म्हणाल्या.

मग त्यांनी वरचं झाकण दाबून धरलं आणि मी चाकाला हात लावला. घट्ट. झाकण उघडलं तरी घट्ट, लावलं तरी तेवढंच. तारेवर टॉर्च टाकला तर ती गंजून लांबली होती. झाकण लागत होतं, तार हलत होती, पण ब्रेक सोडवण्याइतकी ओढली जात नव्हती. ब्रेक धरलेलाच, मोटार बिचारी ढकलतेय आणि तापतेय. जळकट वास होता तो घासणाऱ्या ब्रेकचा आणि तापलेल्या मोटारीचा.

गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. मोटार गेली की नाही हे त्याला विचारलं नाही. ‘ब्रेकची तार सैल आहे, तेवढी बघा,’ एवढंच सांगितलं. त्याने आमच्याकडे जरा नवलाने पाहिलं, कपॅसिटर तपासला, तो ठीक निघाला. मग खडेबाजारात जाऊन तार आणली आणि अर्ध्या तासात बसवली. तार आणि मजुरी मिळून जेवढे झाले, त्यापेक्षा कंपनीच्या माणसाचं नुसतं भेटीचं शुल्क जास्त होतं. टब गरगरला तेव्हा आत्या लगेच स्टूल घेऊन घड्याळाखाली गेल्या. ५ मिनिटं पुरी होईपर्यंत हलल्या नाहीत.

त्या रात्री मनात येत राहिलं की कपडे धुणं म्हणजे आपल्या शास्त्राच्या भाषेत आरंभी हिंसा. संकल्पी हिंसा आपण सोडू शकतो, पण रांधणं, झाडणं, धुणं गृहस्थाला चुकत नाही. तिथे आपल्या हातात उरतो तो यत्नाचार. मुनींच्या पाच समितींत आदान-निक्षेपण आहे, वस्तू बघून उचलायची, बघून ठेवायची. उत्सर्ग आहे, टाकायचं तेही जागा बघून. लहानपणापासून प्रवचनात ऐकलेले हे शब्द मला कधी इतके घरगुती वाटले नव्हते. उघडण्याआधी बघणं, टाकण्याआधी बघणं, दुरुस्तीत दुसरं काय असतं? न बघता ‘फेकून द्या’ म्हणणाऱ्याने त्या यंत्रातलं लोखंड, तांबं, प्लास्टिक, सगळंच एका तारेसाठी कचऱ्यात घातलं असतं. त्याच्या जागी नवं लोखंड खाणीतून निघालं असतं, आणि खाणीत पृथ्वीकायिक जीवांचं काय होतं, ते आपण पाठ करून बसलो आहोत. अपरिग्रह म्हणजे कमी वस्तू घेणं, तसंच घेतलेली वस्तू पुरवणं.

त्यानंतर काही सवयी लागल्या. मशीनच्या तळाला आम्ही बारीक भोकांची तारेची जाळी बसवून घेतली. वारा आत जातो, उंदीर-पाली जात नाहीत. मारावं लागू नये याची सोय आधी करणं, हीच खरी दया. मशीन भिंतीपासून वीतभर पुढे घेतलं. धुणं झालं की दोन्ही झाकणं उघडी, आतला ओलावा गेला की बुरशीही धरत नाही. चिंधोट्या आणि दोरे गोळा होतात ती जाळी दर आठवड्याला धुवायची. खिसे चाचपायचे, कारण पाणी तुंबण्याचं कारण अनेकदा नाणं नाहीतर केसांची पिन असते. पिळताना टब धडधडला तर घाबरायचं नाही, बंद करून कपडे सारखे पसरायचे आणि वरची दाबपट्टी ठेवायची. आणि पावडर कमी. फेस जास्त झाला की कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत, फक्त खळबळायला पाणी जास्त लागतं. आम्ही पावडर निम्म्यावर आणली आणि खळबळण्याची एक बादली वाचली. ती एक बादली रोज गाळावी लागत नाही.

आत्यांचं मनगट उतरायला पंधरा दिवस गेले. अनंत चतुर्दशीला त्यांनी कळशी नाही, पण लहान लोटी उचलली आणि आहार दिला. हात स्थिर होता.

महिला मंडळात हे कळल्यापासून बायका मला मशीनची दुखणी सांगतात. कुणाचं पाणी उतरत नाही, कुणाचं धुण्याचं चाक फिरत नाही (बहुधा पट्टा सैल), कुणाच्या नवऱ्याने नवं घ्यायचं ठरवूनच टाकलेलं. माझ्याआधी आत्याच उत्तर देतात, ‘आधी प्लग काढ. मग जीवजंतू बघ. मग कुठं अडलंय ते बघ. माणूस त्याच्या मागनं बोलव.’ परवा एकीने विचारलं, तोवर धुण्याचं काय करू? आत्या म्हणाल्या, ‘धू की हातानं. पण चादरी पिळू नको, तशाच निथळत टाक. हात दुसऱ्या कामाला लागतात.’