धाकट्या कॉनरीची गोष्ट

१९६२ला 'डॉ. नो' आला आणि पुढच्या काही वर्षांत इटलीतल्या निर्मात्यांनी स्वस्तातले बॉण्ड काढायचा सपाटाच लावला. ऑफिसचं काम संपलं की मी रात्री हे सिनेमे बघतो. बहुतेक बघून विसरतो. १९६७चा 'ओके कॉनरी' मात्र डोक्यातून जात नाही.

नायक कोण, तर शॉन कॉनरीचा सख्खा धाकटा भाऊ, नील. एडिनबरामध्ये प्लास्टरचं काम करणारा. पात्राचं आडनावही कॉनरीच. बॉण्डपटांतले बर्नार्ड ली आणि लोइस मॅक्सवेल इथेही हजर, संगीतात एन्नियो मोरिकोने. इंग्रजी आवृत्तीत नीलचा आवाज तेवढा दुसऱ्याच कुणाचा.

इथे माझं हसू थांबतं. मीही धाकटा. दादाच्याच कॉलेजात इंजिनिअरिंग केलं आणि चार वर्षं 'त्याचा भाऊ' या नावाने काढली. त्यामुळे पडद्यावर अवघडून उभा असलेला नील मला शॉनपेक्षा जवळचा वाटतो. आडनावासाठी त्याला बोलावलं आणि आवाजही ठेवला नाही, तरी तो पूर्ण सिनेमाभर उभा राहतो.

एकदा बघाच. फक्त बघताना शॉनची आठवण काढू नका. मला अजून ते जमलेलं नाही.