‘ड्राय’ वाइन गोड का असते?

१/ प्रोसेको ही इटलीच्या ईशान्य भागातील फसफसणारी वाइन. दुकानात तिच्या दोन बाटल्या शेजारी असतात: एकीवर ‘ब्रूट’, दुसरीवर ‘एक्स्ट्रा ड्राय’. वाइनच्या संदर्भात ‘ड्राय’ म्हणजे गोडवा नसलेली. तेव्हा ‘एक्स्ट्रा ड्राय’ अगदीच कोरडी असणार, असे समजून ग्राहक ती उचलतो आणि फसतो. दोहोंत अधिक गोड तीच असते. या घोटाळ्याचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. 🧵

२/ ही शब्दावली फ्रान्सच्या शॅम्पेनची. थंड प्रदेशातील द्राक्षे आंबट. बाटलीतील गाळ काढल्यावर रिकामी झालेली जागा साखर विरघळवलेल्या वाइनने भरली जाई. साखर किती, हे गिऱ्हाईक पाहून ठरे. रशियाला अतिशय गोड शॅम्पेन जाई; इंग्लंडची आवड त्यामानाने कमी गोडाची.

३/ अशी कमी गोड शॅम्पेन ‘ड्राय’ ठरली. त्याहून कमी साखरेची ‘एक्स्ट्रा ड्राय’. पुढे मादाम पोमेरी यांच्या पेढीने १८७४च्या हंगामातील शॅम्पेन जवळजवळ साखरेविना बाजारात आणली. या प्रकाराला रूढ झालेला शब्द ‘ब्रूट’. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ कच्चा, संस्कार न केलेला. साखर उतरत गेली, तसा प्रत्येक पायरीला अधिक जहाल शब्द लागला. जुने शब्द मात्र जागचे हलले नाहीत.

४/ इटलीत १८६५ साली कार्लो गान्चा यांनी कानेल्ली येथे मोस्कातो द्राक्षांपासून शॅम्पेनच्या पद्धतीने वाइन केली. १८९५ साली आस्तीच्या फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी बाटलीऐवजी बंद टाकीत फेस आणण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आजची बहुतेक प्रोसेको टाकीतच तयार होते. पद्धत बदलली, बाटलीवरचे शब्द शॅम्पेनचेच राहिले.

५/ युरोपीय संघाच्या नियमांनी आता त्या शब्दांना आकडे दिले आहेत. लिटरमागे साखर, ग्रॅममध्ये:
• ब्रूट नेचर: ३ पेक्षा कमी
• एक्स्ट्रा ब्रूट: ० ते ६
• ब्रूट: १२ पेक्षा कमी
• एक्स्ट्रा ड्राय: १२ ते १७
• ड्राय: १७ ते ३२
• डेमी-सेक: ३२ ते ५०
• दोल्चे: ५० हून अधिक

६/ निवड कशी करावी? जेवणासोबत ब्रूट. नुसती प्यायची असेल, तर एक्स्ट्रा ड्राय. प्रोसेकोची ही पारंपरिक शैली. १२५ मिलिलिटरच्या पेल्यात तिची साखर सुमारे २ ग्रॅम, म्हणजे अर्धा चमचा. ‘ड्राय’मध्ये ती जवळजवळ चमचाभर असू शकते, ती फळांच्या हलक्या गोड पदार्थांसोबत शोभते. केकसोबत मात्र मोस्कातोची गोड आस्ती घ्यावी.

७/ दर्जासाठी बाटलीच्या गळ्यावरील पट्टी पाहावी. ‘डीओसी’ प्रोसेको नऊ जिल्ह्यांच्या विस्तृत प्रदेशातून येते; ‘डीओसीजी’ कोनेल्यानो-वाल्दोब्बियादेने किंवा आसोलोच्या टेकड्यांतून. ‘रीवे’ हा शब्द दिसला, तर द्राक्षे एकाच गावाच्या उभ्या उतारावरची.

८/ नाशिकच्या स्पार्कलिंग वाइनवरही आज ‘ब्रूट’ हाच शब्द छापलेला असतो. इतिहासाच्या अभ्यासकाला यातून एक सावधगिरी शिकता येते. १८५०च्या सुमारास लिहिलेल्या एखाद्या इंग्रजी पत्रात ‘ड्राय शॅम्पेन’ आढळली, तर त्या पेल्यात आजची कोरडी वाइन ओतू नये. शब्द ओळखीचा वाटला, की तो कोणाच्या तुलनेत वापरला होता, हे आधी विचारावे. साधनग्रंथ वाचताना अनोळखी शब्दासाठी कोश उघडला जातो. फसवणूक बहुधा ओळखीचे शब्द करतात.