पहिल्या टीआधीची वीस मिनिटं

१.
पार ७२ चा कोर्स. हिशेबात प्रत्येक ग्रीनवर दोन पट धरलेले असतात, म्हणजे ३६. निम्मा खेळ.

२.
सकाळी कुठल्याही क्लबवर पाहा. रेंजवर ड्रायव्हरचा आवाज घुमतोय आणि पटिंग ग्रीन मोकळं आहे.

३.
फेरीआधी शिकायचं ते एकच: आज ग्रीन किती पळतंय. रात्रीचं दव, पहाटेची कापणी, वाढतं ऊन, सगळं वेगात उतरतं. लाइन प्रत्येक होलवर नव्याने वाचावी लागते. वेगाचा अंदाज मात्र सोबत घेऊन निघता येतं. म्हणून सुरुवात लांबच्या पटने करावी.

४.
१९३५ च्या यूएस ओपनमध्ये, ओकमाँटला, नामवंतांचे पट ग्रीनबाहेर घरंगळताना एडवर्ड स्टिम्पसन यांनी पाहिले. ग्रीनचा वेग मोजायला त्यांनी खाचेची लाकडी पट्टी बनवली. पट्टीचं एक टोक उचललं की चेंडू सुटतो. तो जितके फूट जातो तितका त्या ग्रीनचा वेग. त्याच कल्पनेचा स्टिम्पमीटर १९७८ पासून कोर्सेसना मिळू लागला.

आपल्याला पट्टी लागत नाही. सपाट जागा शोधा, एकाच लांबीच्या झोक्याने तीन चेंडू मारा, पावलं मोजा. आजचा आकडा मिळाला.

५.
पहिले पट होलकडे मारूच नयेत. ग्रीनच्या कडेकडे मारावेत, चेंडू कडेला टेकून थांबेल असे. समोर होल नसला की लक्ष फक्त अंतरावर राहतं.

६.
पकड बदलणं, पावलं बदलणं, पटर बदलणं: यातलं काहीही फेरीच्या सकाळी करू नये.

७.
कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरवरच्या फटक्यांचा हिशेब मांडला. आठ फुटांवरून जगातले उत्तम खेळाडू साधारण निम्मेच पट घालतात. ३३ फुटांवरून त्यांना सरासरी दोन पट लागतात.

टीव्हीवर दिसतात ते बहुतेक पडलेले पट.

८.
संशोधक कर आणि बूथ यांचा १९७८ चा प्रयोग. आठ वर्षांच्या मुलांना लक्ष्यावर दाण्यांच्या पिशव्या टाकायला दिल्या. एका गटाने तीन फुटांवरूनच सराव केला. दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवरून. शेवटी चाचणी तीन फुटांवरून झाली. दुसरा गट सरस ठरला.

९.
पटिंगचा सरावही असाच बदलता ठेवा. एक चेंडू घ्या. अंतर बदला, उतार बदला, मागे उभं राहून लाइन वाचा, पट मारा, उरलेला घाला, मग पुढे जा. कोर्सवर दुसरा चेंडू टाकून पुन्हा मारता येत नाही.

१०.
सेंट अँड्र्यूजच्या जुन्या कोर्सशेजारी उंचसखल पटिंग ग्रीन आहे. नाव हिमालय. १८६७ मध्ये तिथे बायकांनी पटिंग क्लब काढला. गोल्फची काठी खांद्याच्या वर उचलून फटका मारणं त्या काळी बायकांना शोभत नाही असं मानलं जाई. त्यांनी पटिंगलाच पूर्ण खेळ केलं. ते ग्रीन आजही चालू आहे.

११.
उष्ण हवेतली ग्रीन बहुतेक बर्मुडा गवताची, म्हणजे आपल्या हरळीच्या कुळातली. हे गवत एका दिशेला झुकतं. समोर चकाकी दिसली तर गवत तुमच्यापासून दूर झुकलंय, चेंडू पळेल. गडद दिसलं तर ते तुमच्याकडे झुकलंय, चेंडू अडेल. सरावाच्या ग्रीनवर चारही बाजूंनी फिरून पाहा. मग कॅडीदादांना विचारा. ते ही ग्रीन रोज तुडवतात.

१२.
१९७०, ब्रिटिश ओपन, सेंट अँड्र्यूज, अठरावा होल. डग सँडर्सना जिंकायला जेमतेम तीन फुटांचा पट. ते उभे राहिले, मधेच वाकून लाइनवरचं काहीतरी उचलायला गेले, पावलं तशीच ठेवली आणि पट मारला. चुकला. दुसऱ्या दिवशी प्लेऑफमध्ये जॅक निकलॉस एका फटक्याने जिंकले.

छोट्या पटचा सरावही पूर्ण तयारीने करावा. लक्ष मोडलं तर बाजूला होऊन पुन्हा उभं राहण्याचासुद्धा.

१३.
७ ऑगस्ट २०२१, टोकियो ऑलिम्पिक. भारताची अदिती अशोक चौथी. कांस्यपदक एका फटक्यावर होतं.

१४.
स्ट्रोक प्लेच्या स्पर्धेत फेरीआधी त्याच दिवशी कोर्सवर सराव करायला बंदी आहे. सरावाच्या ग्रीनवर आणि पहिल्या टीजवळ पटिंग करता येतं. नियमाने दिलेली ही सवलत वाया घालवू नये.

१५.
कपाचा व्यास ४.२५ इंच. चेंडू १.६८ इंच. होल बदलत नाही.

१६.
मानसशास्त्रज्ञ जेसिका विट यांनी खेळून आलेल्या गोल्फरांना वेगवेगळ्या आकारांची वर्तुळं दाखवली आणि होलएवढं वर्तुळ निवडायला सांगितलं. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आला: त्या दिवशी चांगलं खेळलेल्यांनी मोठं वर्तुळ निवडलं होतं.

१७.
गोल्फशिक्षक हार्वी पेनिक नव्वद वर्षांचे, अंथरुणाला खिळलेले. त्यांनी शिष्य बेन क्रेनशॉ यांना शेवटचा धडा दिला तो पटिंगचा. एप्रिल १९९५ मध्ये पेनिक गेले आणि त्याच आठवड्यात क्रेनशॉ मास्टर्स जिंकले. ७२ होलमध्ये त्यांना एकाही ग्रीनवर तीन पट लागले नाहीत.

१८.
तेव्हा पुढच्या वेळी वीस मिनिटं आधी या. ड्रायव्हर बॅगेतच राहू द्या. दहा मिनिटं लांबच्या पटना, पाच मधल्यांना. उरलेल्या वेळात दोन-तीन फुटांवरून चेंडू कपात घाला, आणि शेवटचा पडला की सराव थांबवा.