चढून गाठायची सपाटी

खोडाळा, ता. मोखाडा
भाद्रपद

प्रिय ताईस,


मुलुंडच्या खिडकीतून आभाळाचा काठ दिसत नाही, दिवाळीच्या सुटीत आपल्या जळगावकडच्या सपाटीसारखं मोकळं काही बघायचंय, असं लिहिलंस. मग इकडेच ये. फक्त इथली सपाटी चढून गाठावी लागते. तिला माळ म्हणतात. कसाऱ्याहून विहीगाव मागे टाकून घाटवळणांनी वर आलं, की जमीन एकदम हातपाय पसरते. दिवाळीत सूर्यमाळला नागली पिकलेली असेल, खुरासणी पिवळी फुललेली असेल. आपल्याकडे कापसाच्या रानात उभं राहिल्यावर छाती भरून यायची ना, तसंच होतं.

इथला इतिहासही माळावरच भेटतो. जव्हारजवळ शिरपामाळ आहे. सुरतेवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम इथे पडला, जव्हारच्या विक्रमशहा राजांनी त्यांना शिरपेच देऊन मान केला, म्हणून हे नाव, असं इथले लोक सांगतात. १६६४ च्या त्या मोहिमेची आठवण एका उघड्या माळाने धरून ठेवली आहे. चौदाव्या शतकात जयबा मुकणे यांनी उभं केलेलं महादेव कोळ्यांचं हे जव्हारचं राज्य १९४८ पर्यंत टिकलं. जव्हारचा जयविलास राजवाडा बघशीलच. पण त्याआधी एखाद्या पाड्यावर थांब. नवा भात घरात आला की तारपा निघतो. सुकवलेला भोपळा, बांबू आणि ताडाचं पान, एवढंच ते वाद्य. वाजवणारा मधोमध वळेल तशी नाचणाऱ्यांची साखळी वळते. त्याच्याकडे कोणी पाठ फिरवत नाही.

आता एक मनातलं. दाभोसा धबधब्यासमोर उभी राहशील तेव्हा पाणी एवढं वाटेल, की इथे तहान असेल यावर विश्वास बसणार नाही. पाऊस धो धो कोसळतो, पण कातळावर माती थोडी, उतार फार. पाणी थांबतच नाही. वैतरणा नदीवर मोडकसागर धरण १९५७ पासून उभं आहे. आमच्या तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरणाची शंभर मीटरहून उंच भिंत आहे. ते अडवलेलं पाणी भांडुपला शुद्ध होऊन तुमच्या मुंबईला मिळतं. आणि इथल्या पाड्यांवरच्या बाया चैत्र-वैशाखात डोक्यावर हंडे घेऊन उतार चढतात. दिवाळी सरली, की माझ्या वर्गातली कितीतरी मुलं आईबापांबरोबर वीटभट्ट्यांवर जातात. त्यांची हजेरीच्या वहीतली रिकामी घरं मला वर्षानुवर्षं सलतात.

म्हणून ताई, एकदा नको, दोनदा ये. दिवाळीत ये, डोळे निववून जा. मग मुलांच्या परीक्षा झाल्या की वैशाखात पुन्हा ये. तेव्हा माळ तांबडा, तापलेला असेल. पण जवळपास कुठे बोहाडा असेल, तर रात्रभर मुखवटे घालून देव नाचताना दिसतील. सकाळी माझ्याबरोबर विहिरीवर चल. इथल्या माणसांचं या मातीवर प्रेम का आहे, ते मला पत्रात लिहिता येत नाही. भरला हंडा घेऊन चढ चढून येणारी बाई माळावर पोचल्यावर क्षणभर थांबते, लांबवर बघते आणि हसते. ते तू बघावंस, एवढीच इच्छा.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी