पावसात तळा: आधी टायर बघा, मग निघा

जून उजाडला की ऑफिसच्या ग्रुपवर एका शब्दाचा मेसेज पडतोच. 'राइड?' मग लोणावळा नको, माळशेज नको, वीकेंडला तिथे पाय ठेवायला जागा नसते, असं करता करता कुणीतरी तळ्याचं नाव काढतं. निम्म्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, 'कुठलं तळं?'

तर बॉस, तळं नाही, तळा. रायगड जिल्ह्यातला छोटासा तालुका. मुंबई-गोवा हायवेवर कोलाड मागे टाकलं की इंदापूर लागतं (उसाचं नव्हे, हे आपलं कोकणातलं). तिथून उजवीकडे वळलात की पंधराएक किलोमीटरवर तळा. गावाच्या डोक्यावर तळगड. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी २३ किल्ले दिले आणि १२ राखले. त्या बारांत तळा आहे आणि शेजारचं घोसाळंही. एवढ्या आडबाजूचा गड का राखला असेल, ते वर जाऊन खाडीच्या दिशेनं नजर टाकली की कळतं.

पण आजचा विषय गडापेक्षा बराच खालचा आहे. तुमच्या बाइकचा टायर.

बाइक, तुम्ही, मागे बसलेलं माणूस आणि सॅक मिळून सव्वादोनशे-अडीचशे किलोचा ऐवज होतो. हे सगळं रस्त्याला टेकलेलं असतं ते तळहाताएवढ्या दोन ठिकाणी. वळायचं, थांबायचं, वेग घ्यायचा, सगळं तेवढ्या रबरावर. गणित सोपं आहे. कोरड्या डांबरावर ताशी ६० च्या वेगात नीट ब्रेक मारला तर गाडी साधारण २० मीटरमध्ये थांबते. तोच रस्ता ओला असेल तर ३५ मीटर. शिवाय म्हैस दिसल्यापासून ब्रेकवर बोटं जाईपर्यंतचा एक सेकंद धरा, म्हणजे आणखी १६-१७ मीटर. बेरीज पन्नासच्या वर. तळ्याच्या वाटेवर सरळ पन्नास मीटर दिसणारा रस्ता मिळाला तर नशीब समजा! ताशी ४० ला मात्र हाच हिशेब सेकंदासकट २७ मीटरच्या आसपास येतो. म्हणून इंदापूर सुटलं की काटा ४० च्या खाली. यात शूरपणाचा प्रश्नच येत नाही.

आता तो फेमस फंडा. 'पावसात टायरमधली हवा थोडी कमी कर, ग्रिप वाढते.' प्रत्येक ग्रुपमध्ये हे सांगणारा एक तरी ज्ञानी असतो. वाळूत किंवा चिखलात हे चालतं, पण ओल्या डांबरावर उलटं होतं. टायरच्या खाचा असतात पाणी बाजूला काढायला. हवा कमी असली की टायर दबतो, खाचा मिटतात आणि पाणी रबराखालीच अडकतं. मॅन्युअलमध्ये दिलेली हवा ठेवा. मागे कुणी बसणार असेल तर मागच्या टायरसाठी वेगळा आकडा असतो, तोही तिथेच दिलेला असतो.

खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे दिसतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो संपला. बाइकसाठी ही हद्द ०.८ मिलिमीटरची आहे. पण कोकणातल्या पावसासाठी तिथवर थांबू नका. आमच्या कोपऱ्यावरचे पंक्चरवाले काका खाचेत एक रुपयाचं नाणं उभं घालून बघतात आणि नुसती मान हलवतात. त्यांची मान आडवी हलली की पाकीट काढायचं. टायरची तारीखही बघा. बाजूला कोरलेल्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खाचा शाबूत असूनही जुनं रबर कडक होतं, आणि ओल्या रस्त्यावर ते खोडरबरापेक्षा प्लॅस्टिकच्या पट्टीसारखं वागतं. आणि निघायच्या आदल्या दिवशी कोरे टायर टाकून सरळ घाटात जाऊ नका. कोऱ्या टायरवर तुळतुळीत थर असतो, तो जाईपर्यंत थोडे दिवस ऑफिसला येजा करा.

इतकं करूनही तळ्याच्या रस्त्यावर टायरच्या हातात नसलेल्या गोष्टी भेटतातच. पहिल्या पावसात डांबरावर वर्षभराचं ऑइल तरंगतं. लावणीच्या दिवसांत शेतातून निघालेला ट्रॅक्टर लाल चिखल रस्त्यावर सोडून जातो. आणि झाडांच्या सावलीत, जिथे दोन महिने ऊन पडत नाही, तिथे शेवाळ धरतं. हे सगळ्यात डेंजर. डांबर नुसतं काळपट हिरवं दिसतं आणि बुळबुळीत असतं. इथे खाचांचा काही उपयोग नाही, त्या क्षणात भरून जातात. इथे फक्त चाकांची घासलेली पट्टी धरायची, गाडी उभी ठेवायची, ब्रेकला हात लावायचा नाही. वेग आधीच उतरलेला हवा.

वळणाचंही तेच. टायरकडे ग्रिपचा एकच गल्ला असतो. गाडी कलली की त्यातला बराचसा वळण्यात खर्च होतो आणि उरलेल्या चिल्लरमध्ये ब्रेक बसत नाही. म्हणून ब्रेक आणि गिअर सगळं वळणाच्या आधी, सरळ गाडीवर, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत. 'माझ्या गाडीला एबीएस आहे रे' हे उत्तर येईलच. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या बाइक्सना ते सक्तीचं झालं आणि बरंच झालं. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, नसलेली ग्रिप आणून देत नाही. शिवाय बऱ्याच बाइक्सवर ते फक्त पुढच्या चाकाला असतं. मागचं चाक अजूनही तुमच्या पायाच्या भरवशावर.

हे सगळं लिहायचं कारण मागची सीट. मागे बसलेल्या माणसाकडे ना ब्रेक असतो, ना हॅण्डल. त्याच्या हातात फक्त तुमचं जॅकेट असतं. हेल्मेट त्यालाही द्या, आणि पुढे वळण आलं की ओरडून सांगा.

तळ्यात पोचलात की गाडी गावात लावा आणि चालत गडावर निघा. वाट निसरडी असते, बुटांचे तळवे गुळगुळीत असतील तर खालीच थांबून चहा प्या. वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, ओळीनं, काठोकाठ भरलेली. धुकं फाटलं तर घोसाळगड दिसतो. नाही फाटलं तर भिजलात हेच मिळकतीत.

वेळ उरला तर मांदाडकडे उतरा. खाडीवर कुडे लेणी आहेत, बौद्ध, दोन हजार वर्षांच्या आसपासची. भिंतींवर दान देणाऱ्यांचे शिलालेख आहेत. त्यांत एक माळी आहे आणि कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारीही. इतक्या लांबून हे लोक इथल्या खाडीशी जोडलेले होते, आणि आपल्याला मुंबईहून यायला लाँग वीकेंड लागतो.

परतीसाठी तळा चारच्या आत सोडा. पावसाळ्यात पाचनंतर झाडीत अंधारून येतं आणि हेडलाइटच्या उजेडात ओलं डांबर, खड्डा आणि शेवाळ तिन्ही सारखीच चमकतात.