ताप कधी येतो ते आधी सांगा

‘मोटार चालू होत नाही’ ह्यासारखी अपुरी तक्रार जगात दुसरी नसेल. वैद्यासमोर जाऊन ‘बरं वाटत नाही’ एवढंच म्हणावं आणि हात पुढे करून बसावं, तसला हा प्रकार. जुने वैद्य अशा रोग्याला सोडत नसत. ताप रोज येतो की एक दिवसाआड? पहाटे की दिवेलागणीला? थंडी भरून येतो की नुसताच? निम्मं निदान ह्या सवाल-जबाबांत उरकायचं. नाडी धरणं पुष्कळदा रोग्याच्या समाधानापुरतंच असे.

जुन्या मोटारीचंही हेच आहे. गार असताना चालू होत नाही, की तापल्यावर? बंद केल्यावर दोन मिनिटांत किल्ली फिरवली तर चालू होते का? अर्ध्या तासाने? आणि चार तासांनी? एवढ्या प्रश्नांची उत्तरं खरी मिळाली तर पाना हातात घेण्याआधी संशयितांची रांग निम्म्याने कमी होते. पण मालक ही उत्तरं देत नाहीत. ते म्हणतात, “अहो, कधीही बिघडते!” कधीही बिघडणारं यंत्र मी अजून पाहिलेलं नाही.

आपल्याकडे ज्यांनी जुनी फियाट चालवली आहे त्यांना ह्यातलं अर्धं शास्त्र कुणी न शिकवता येतं. थंडीच्या दिवसांत चोक ओढायचा, आणि मे महिन्यात खोपोलीहून बोरघाट चढताना गाडी गपकन बसली की बॉनेट उघडून पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकायचं. पंपातलं आणि नळीतलं पेट्रोल उष्णतेने उकळून त्याची वाफ झालेली असते. पंप वाफ ढकलीत बसतो आणि कार्ब्युरेटर उपाशी राहतो. ओल्या फडक्याने वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. घाटातल्या कुठल्याही ड्रायव्हरला हे ठाऊक असे. हे सांगण्याचं कारण असं, की पुढे ज्या गाडीची हकीकत यायची आहे ती ह्या फियाटहून कितीतरी खानदानी आहे. पण तिचं दुखणं थेट बोरघाटातलंच निघालं.

मी राहतो श्टुटगार्टला. मुंबईशी 1968 पासून भगिनीनाते असलेलं हे शहर. पोर्शेचा कारखाना इथल्याच त्सुफेनहाउझेन भागात, आणि जिच्या पोटात ही सारी भानगड असते ती के-जेट्रॉनिक इंधनयंत्रणा काढणारी बॉश कंपनीही इथलीच. आमच्या गल्लीत ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ राहतात. त्यांच्याकडे 1980 सालची पोर्शे 911 एससी आहे. तीन लिटरचं, हवेने थंड होणारं, सहा सिलिंडरांचं इंजिन, तेही मागच्या बाजूला. गृहस्थ अबोल, नमस्कार-चमत्कारापलीकडे आमचं बोलणं कधी गेलं नव्हतं. एकदा मात्र मी जुन्या मोटारींत हात घालतो हे कळल्यावर ते दारात येऊन उभे राहिले. गाडी विकायची आहे म्हणाले. तिच्यातली इंधन वाटणारी यंत्रणा बदलावी लागेल आणि त्यासाठी इंजिन उतरवावं लागेल, असं एका गॅरेजने सांगितलं होतं. आकडा सांगून वाचकांची दिवाळी बिघडवीत नाही.

“गार असताना चालू होते?” मी विचारलं.

“अर्ध्या फेऱ्यात.”

“मग अडते कुठे?”

“आश्रमाच्या दारात.”

“नेहमी तिथेच?”

“नेहमी तिथेच. रस्ता चढाचा आहे, त्यामुळे असेल.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांच्या पत्नीची स्मृती गेली आहे. शहराबाहेर टेकडीवर वृद्धांचा एक आश्रम आहे, तिथे त्या असतात. दर रविवारी हे पाऊण तास गाडी हाकीत जायचे, बायकोबरोबर कॉफी घ्यायचे, आणि मग तिला शेजारी बसवून एक फेरी मारून आणायचे. बाई बोलत नाहीत. पण त्या गाडीत शांत बसतात. अलीकडे मात्र कॉफी घेऊन खाली आलं की गाडी अडून बसे. स्टार्टर घरघर घरघर करीत राही आणि त्या आवाजाने बाई घाबरून रडू लागत. दोनदा असं झाल्यावर त्यांनी बायकोला खाली आणणंच सोडलं. इंजिन चालू ठेवून वर जाऊन पाहिलं, तर व्यवस्थापकांनी आवाजाबद्दल तक्रार केली. आता ते वर जातात, पाच मिनिटं उभ्या-उभ्या बसतात आणि इंजिन निवायच्या आत खाली येतात.

“आणि पाच मिनिटांत आलात तर चालू होते?”

“लगेच.”

मी त्यांना म्हटलं, “निम्मं काम तुम्हीच केलंत.”

के-जेट्रॉनिक 1973 साली आली. के म्हणजे जर्मन भाषेतला ‘अखंड’. हिच्यात पिचकाऱ्या उघडझाप करीत नाहीत. इंजिन चालू असेपर्यंत सहाही तोंडांतून पेट्रोलचा फवारा चालूच असतो. किती सोडायचं ते एक गोल तबकडी ठरवते. आत येणाऱ्या हवेवर ती तरंगते, जास्त हवा आली की वर उचलली जाते आणि एका दांडीने पेट्रोलची वाट तेवढी मोकळी करते. ह्यात कुठलाही संगणक नाही. पण सगळा कारभार दाबावर चालतो. चाकात हवा असते साधारण दोन बार. इथे पेट्रोल पाच बारच्या आसपास कोंडलेलं असतं.

आणि मर्म इथेच आहे. इंजिन बंद केलं की त्याला थंड करणारा पंखाही थांबतो. इंजिनाच्या पोटातली उष्णता वर येऊ लागते आणि वीस-तीस मिनिटं पेट्रोलच्या नळ्यांना शेकत राहते. तेवढ्या वेळात पेट्रोल उकळू नये म्हणून त्याच्यावर थोडा दाब टिकवून धरावा लागतो. कुकरची वाफ एकदम सोडली तर आतलं शांत पाणी खळखळायला लागतं ना, तसंच. दाब गेला की नळ्यांत वाफच वाफ. दोन मिनिटांत किल्ली फिरवली तर पेट्रोल अजून उकळलेलं नसतं; चार तासांनी सगळं गार झालेलं असतं. मधल्या वेळात मात्र स्टार्टर घरघरत राहतो. गृहस्थांची कॉफी नेमकी ह्या मधल्या वेळात पडत होती. गॅरेजात रात्रभर ठेवलेली गाडी सकाळी पहिल्या हाकेला ओ देई, त्यामुळे तिथे दुखणं कधी दिसलंच नाही. दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरावा, तसं!

तरी पुराव्यावाचून फाशी देऊ नये. एका शनिवारी गाडी तापवून आणली, अर्धा तास उभी केली. किल्ली फिरवली, नकार. स्टार्टर जोमाने फिरत होता, तेव्हा बॅटरी आणि स्टार्टर सुटले. ठिणगीच्या तारेला टायमिंग लाइटचा चिमटा लावला होता. तो झगझग करीत होता, तेव्हा ठिणगीही सुटली. गृहस्थ सवयीने पायाने पेट्रोल मारीत होते. मी त्यांना थांबवलं. कार्ब्युरेटरच्या गाडीत पाय मारला की पेट्रोलची चूळ आत जाते. ह्या यंत्रणेत पाय मारून नुसता व्यायाम होतो. शिवाय हवेची पेटी प्लॅस्टिकची. चालू करताना इंजिन उलटं फुटलं तर ही पेटीच तडकते, आणि मग मात्र खरोखरच खिसा रिकामा होतो. डब्यातले ज्वालाग्राही फवारे आत मारणाऱ्यांचं तर मला नवलच वाटतं.

पेटी शाबूत आहे का, हे पाहण्याची युक्ती फुकटातली आहे. इंजिन चालू असताना तेलाचं झाकण उघडायचं. ह्या गाडीत त्या वाटेने न मोजलेली हवा आत जाते, आणि निरोगी इंजिन लगेच अडखळतं. काहीच फरक पडला नाही तर समजावं, दुसरीकडे कुठेतरी आधीच भोक आहे. आमचं इंजिन असं अडखळलं, की मी खूश झालो आणि मालकांचा चेहरा उतरला.

मग दाबाचं घड्याळ लावलं. आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवून. गरम इंजिनाशी आणि दाबातल्या पेट्रोलशी हे काम आहे. चालू असताना सगळे आकडे ठीक. इंजिन बंद केलं आणि काटा मिनिटभरात शून्यावर! घड्याळाची तोटी मिटून वॉर्म-अप रेग्युलेटर बाजूला काढला, तरी तेच. म्हणजे तो निर्दोष. गार इंजिनाला जादा पेट्रोल पाजणारी झडप हात खरचटून घेत बाहेर काढली, कोरडी. सहाही पिचकाऱ्या कोरड्या. राहिला तो इंजिनाच्या डाव्या बाजूचा पोलादी डबा, पेलाभर आकाराचा. त्याला अॅक्युम्युलेटर म्हणतात. आत रबराचा पडदा आणि त्यामागे स्प्रिंग. इंजिन बंद झाल्यावर पेट्रोलवर दाब धरून ठेवायचा, एवढीच त्याची नोकरी. त्याच्या मागच्या बाजूची बारीक नळी सोडवून काचेच्या बरणीत धरली आणि पंप चालू केला. तिथून एक थेंबही यायला नको. बरणी भरू लागली. पडदा फाटला होता. ह्यात कारखान्याला बोल लावण्यात अर्थ नाही. चाळीस वर्षं पेट्रोलमध्ये भिजून कुठलं रबर टिकेल?

इंजिन उतरवावं लागलं नाही. डबा नवा आणला, आणि पंपाच्या तोंडाशी असलेली उलट-झडप स्वस्तात मिळते म्हणून तीही बदलली. आता वीस मिनिटांनंतरही काटा दीड बारच्या वर उभा होता.

पुढच्या शनिवारी आम्ही तेवढंच अंतर तोडून एका खेड्यातल्या उपाहारगृहाशी थांबलो. गाडी मुद्दाम उन्हात लावली. कॉफी मागवली. गृहस्थांनी हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि चाळीस मिनिटं त्याच्याकडे बघत राहिले. वेळ भरल्यावर त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली. मी ती परत त्यांच्या हातात दिली. स्टार्टर दोनदा फिरला असेल-नसेल, इंजिन सुरू झालं.

त्यांनी ते क्षणभर ऐकलं, बंद केलं, आणि खाली उतरून दार लावलं.

“पुन्हा एकदा पाहू या,” ते म्हणाले. “ती कधीकधी फार सावकाश पिते.”

मग त्यांनी आत जाऊन आणखी दोन कॉफी सांगितल्या.